गाव रिकामं होतंय, मग आराखडा कसा करायचा: ठाणे-नवी मुंबईतल्या गाव-मंडळांसाठी

गणपतीच्या दोन-तीन महिने आधी आपल्याकडे गाव-मंडळांच्या (एकाच गावाहून इथे आलेल्यांच्या मंडळांच्या) मीटिंगा सुरू होतात, लोकमान्य नगर, सावरकर नगर, कळवा, दिवा, तिकडे ऐरोली घणसोली, कुणाच्या तरी सोसायटीच्या गच्चीवर नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये, आणि विषय बहुतेक ठरलेले, देवळाचा सभामंडप, कमान, वाडीचा रस्ता, नवी टाकी. मी पण त्यात कित्येक वर्षं आहे, वर्गणी काढलीय, पावत्या फाडल्यात. दोन वर्षांपूर्वी शिमग्याला गावी (संगमेश्वर तालुका) गेलो तर पालखी खांद्यावर घ्यायला माणसं आळीपाळीने पुरत नव्हती, घरोघरी पालखी न्यायची तर घरंच बंद. दुसऱ्या दिवशी मी आणि चुलतभाऊ वही घेऊन निघालो आणि वाडीतली घरं मोजली. ५८ घरं, उघडी २१, त्यातल्या ९ घरांत एकच माणूस, तेही साठी-सत्तरीच्या पुढचं. आणि आम्ही वर्गणी कशाची काढत होतो, तर ५८ घरांच्या हिशोबाने टाकीची.

माझा व्यवसाय नकाशे-आराखड्यांचाच, ठाण्यात. घोडबंदर रोडला काय आणि नवी मुंबईत काय, आराखडा काढायला बसलं की पहिली ओळ एकच असते, पुढच्या २० वर्षांत लोकसंख्या किती वाढणार, मग त्यावरून रस्ता, पाणी, शाळा, बाग. कमी होणार असेल तर काय करायचं हे मला कुणी शिकवलं नाही. शोधत, वाचत, गावात चुकत-माकत जे जमलं ते इथे लिहितोय, कारण चार-पाच मंडळांनी विचारलंय की तुम्ही नेमकं केलंत काय.

सगळ्यात आधी मान्य करायचं की माणसं कमी झालीयत आणि लगेच परत येणार नाहीयत. हे बोलायला जड जातं पण आकडे बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला, सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. तेव्हाचा ठाणे जिल्हा, पालघर धरून, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला, म्हणजे आपणच. राज्यात लोक कमी झालेला तिसरा जिल्हा कुठला तर मुंबई शहर, ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजार, त्यामुळे हे फक्त खेड्यांचं दुखणं आहे असं समजू नका. रत्नागिरीत २०११ ला १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कर्ता माणूस बाहेर आणि घर बायकांनी चालवलेलं, ही आपल्या आजीची आईची गोष्ट त्या एका आकड्यात आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे सरकारी कागदावर गाव अजून २०११ चं आहे.

सरपंच हे बोलायला कचरतात त्याला कारण आहे. निधी आणि सोयी डोकी मोजून मिळतात. १५ व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायत-पालिकांचा पैसा राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के वजन दिलं आणि क्षेत्रफळाला १०. आरोग्य उपकेंद्र सपाटीला ५००० लोकांमागे, डोंगराळ भागात ३००० मागे, आशाताई साधारण १००० मागे एक. डोकी कमी म्हटलं की सोय जाईल ही भीती खरी आहे. पण न बोलून काय होतं तेही बघा. जपानात होक्काइदोमध्ये युबारी म्हणून कोळशाचं गाव, १९६० ला तिथे १ लाख १६ हजार माणसं होती, खाणी बंद होत गेल्या, शेवटची १९९० ला. पालिकेने कर्ज काढून पर्यटनासाठी मनोरंजन पार्क, म्युझियम, हॉटेलं उभी केली की लोक येतील, लोक आले नाहीत आणि २००७ पर्यंत पालिका दिवाळखोरीत, आज तिथे आठ हजारांच्या आत माणसं आहेत आणि उरलेल्यांनी जास्त कर भरून, कमी सोयीत ते कर्ज फेडायला घेतलं. अमेरिकेत ओहायोमधलं यंगस्टाउन हे पोलादाचं शहर, १९५० ला १ लाख ६८ हजार, १९७७ ला मोठा कारखाना बंद झाला, २०१० ला ६७ हजार. त्यांनी २००५ मध्ये आराखडा मंजूर केला आणि त्यात सरळ लिहिलं की आम्ही आता लहान शहर आहोत आणि लहान शहर म्हणून चांगलं व्हायचंय. सगळं जमलं नाही त्यांना, पण हे वाक्य लिहायला धाडस लागतं, आणि माझ्या मते आपल्या ग्रामसभेच्या ठरावातही ते यायला हवं.

आता काम. पहिलं काम मोजणी, आणि ती गणपतीत किंवा मे महिन्यात करायची नाही, तेव्हा गाव भरलेलं असतं आणि आपलीच फसगत होते. जुलैत करा. लावणीच्या दिवसांत जे घरात आहे ते खरं गाव. वहीत तीनच प्रकार ठेवा, बारमाही उघडं, ये-जा असलेलं, आणि कुलूप. प्रत्येक माणसाचं वय लिहा आणि बाजूला वय अधिक १० लिहा, एवढंच, कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. आमच्या वाडीत तो दुसरा रकाना भरून झाला तेव्हा खोलीत कुणी बोलेना. अंगणवाडी सेविका, आशाताई, पोस्टमन आणि वायरमन यांना आधी भेटा, कुठल्या घरात कोण राहतं, कोण आजारी आहे, कुणाचं मीटर महिनोन्महिने फिरत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. वापर नसलेलं लाइट बिल हा कुलपाचा चांगला पुरावा आहे. आणि प्रत्येक बंद घराचा ठाण्या-मुंबईतला फोन नंबर घ्या, हे काम मंडळाचंच, गावातले लोक हे करू शकत नाहीत.

मग नकाशा. सॅटेलाइटचं चित्र मोठ्या कागदावर छापून घ्या, गट नंबर तलाठ्याकडच्या गावनकाशावरून टाका आणि घरं रंगवा, हिरवं उघडं, पिवळं ये-जा, लाल कुलूप. आपल्याला वाटतं गाव कडेकडेने रिकामं होत असेल आणि मधलं भरलेलं राहील. तसं होत नाही. जर्मनीत लाइपझिग शहर १९८९ ला ५ लाख ३० हजारांचं होतं आणि नव्वदच्या दशकात लाखभर माणसं गेली, तेव्हा तिथल्या नियोजनकारांनी त्याला भोकं पडलेलं शहर म्हटलं, चाळणीसारखं, इथे एक इमारत चालू तर शेजारची बंद. आमची वाडी तशीच निघाली. हे का महत्त्वाचं आहे तर रस्त्याची लांबी तेवढीच राहते, विजेचे खांब तेवढेच, पाइप तेवढाच, आणि पाणीपट्टी घरपट्टी देणारी घरं मात्र तिसऱ्या हिश्श्यावर येतात. गाव कमी झालं की खर्च आपोआप कमी होत नाही, दरघरी वाढतो. हे मीटिंगमध्ये नकाशा भिंतीला लावून समजवा, नुसतं बोलून पटत नाही.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे वाया जाताना बघितलाय. जलजीवन या घरोघरी नळाच्या सरकारी योजनेचा निकष माणशी रोज ५५ लिटर. समजा वाडीत बारा महिने ४० माणसं आहेत, तर दिवसाला २२०० लिटर लागतं. गणपतीत तीच वाडी ४०० माणसांची होते, तेव्हा २२ हजार लिटर. मंडळ म्हणतं गणपतीत पाणी कमी पडतं म्हणून २२ हजाराची टाकी बांधा. बांधली, तर उरलेलं वर्षभर त्यात भरलेलं पाणी दहा दहा दिवस पडून राहणार, पाणी जंतुमुक्त करायला टाकलेल्या टीसीएल पावडरचा असर निघून जाणार, वास येणार, आणि म्हातारी माणसं ते पिणार. पूर्व जर्मनीत मोठ्या शहरांना हाच त्रास झाला, माणसं गेल्यावर जमिनीखालचे पाइप वापराच्या मानाने फार मोठे झाले, पाणी साचून राहायला लागलं, गटारात पुरेसा प्रवाह नाही म्हणून घाण अडकायला लागली, आणि पाइपमधून नुसतं पाणी सोडून ते धुवायचा वेगळा खर्च आला. म्हणून आम्ही एक मोठी टाकी करायच्या ऐवजी दोन करायचं ठरवलं, एक ३ हजाराची रोजची, दुसरी मोठी, मध्ये व्हॉल्व्ह, मोठी फक्त गणपती, शिमगा आणि मे महिन्यात उघडायची, आधी रिकामी करून धुऊन टीसीएल टाकून. मोटारीचं बिल पण त्यामुळे उतरतं, कारण रोज वरपर्यंत पाणी चढवायचं ते कमीच. पाइप टाकताना बंद घरांच्या फाट्यांना सुरुवातीलाच कॉक बसवा, म्हणजे सहा महिने कुणी नसलेल्या घराच्या नळाला गळती लागली तरी वाडीचं पाणी जात नाही. आणि जुनी विहीर बुजवू नका, गाळ काढून जाळी टाका, मोटार बंद पडली की तीच आधार.

म्हणजे प्रत्येक गोष्टीचे दोन हिशोब ठेवायचे, रोजच्या गावाचा आणि सणाच्या गावाचा. सणाच्या गावासाठी शक्य तेवढं तात्पुरतं करा, भाड्याने शौचालयं आणा, टँकर आणा, कचऱ्याला चार दिवस माणूस लावा. पक्कं बांधकाम रोजच्या गावाच्या मापाचं. चाकरमान्यांना हे आवडत नाही, मला माहिती आहे, आम्ही पैसे देतो मग आमच्या सोयीचं का नको असं आमच्याकडे पण झालं. पण वर्षाचे ३५० दिवस तिथे ज्या काकी राहतात त्यांना विचारून मगच ठरवायला पाहिजे.

आता सगळ्यात नाजूक. सोयी एकत्र आणायच्या म्हणजे कुठे आणायच्या. रेशन दुकान, शाळा, उपकेंद्र, एसटीचा थांबा जिथे आधीच जवळजवळ आहेत ती जागा नकाशावर शोधा, बहुतेक गावांत देवळाच्या नाहीतर फाट्याच्या आसपास ती असते, आणि पुढच्या दहा वर्षांत नवीन जे काही बांधायचं ते तिथूनच चालत दहा मिनिटांच्या आत. आम्ही पहिल्या बैठकीत वरच्या वाडीभोवती लाल रेघ मारली आणि लिहिलं की इथे पुढे खर्च करायचा नाही. वरच्या वाडीत तेव्हा पाच माणसं. त्यातल्या एक काकी उठल्या आणि म्हणाल्या मी हितनं हलणार नाय, आणि तुम्ही मला मेल्यात जमा का धरलंत. त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. ती रेघ आम्ही पुसली. त्याऐवजी ठराव असा लिहिला की वरच्या वाडीत शेवटचं माणूस राहतं तोवर पाणी, लाइट आणि पायवाट चालू ठेवायची जबाबदारी ग्रामपंचायत आणि मंडळाची, नवीन बांधकाम मात्र तिकडे घ्यायचं नाही, आणि कुणाला स्वतःहून खाली यायचं असेल तर खालच्या वाडीत दुरुस्त केलेलं घर राहायला मिळेल. यंगस्टाउनमध्ये जवळजवळ रिकाम्या गल्ल्यांतल्या लोकांना दुसरीकडे जायला पैसे देऊ केले तरी लोक फारसे हलले नाहीत. युबारीने २०१२ च्या आराखड्यात जास्त शहाणपणा केला, माणसांना आधी त्यांच्याच भागातल्या भागात जवळ आणायचं, शेजारी शेजारीच राहतील असं, आणि शहराच्या मधल्या पट्ट्याकडे सरकणं पुढच्या टप्प्यावर. माणूस घर सोडायला एक वेळ तयार होतो, शेजार सोडायला नाही.

बंद घरांचं काम सगळ्यात लांबतं म्हणून लगेच सुरू करा. घर का पडतं, तर मालक कोण तेच ठरत नाही. सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव, वारस चाळीस, त्यातले काही ठाण्यात, काही सुरतला, काहींचा पत्ता नाही, कौलं बदलायला पैसे कुणी काढायचे म्हणून कुणीच काढत नाही. एका पावसात दहा कौलं सरकतात, पुढच्या पावसात वासे कुजतात, तिसऱ्या वर्षी भिंत. जपानात २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के, आणि त्यांनाही हेच कळलं की वारसांची नोंदच झालेली नसते, म्हणून १ एप्रिल २०२४ पासून त्यांनी ती सक्तीची केली, वारसा मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत, नाहीतर दंड. आपल्याकडे मंडळाने एक रविवार फक्त या कामाला ठेवावा. मृत्यूचे दाखले, वारसांची वंशावळ, आधार, सगळं ठाण्यातच गोळा करा आणि एकदम गावी तलाठ्याकडे वारस नोंदीचे अर्ज द्या, एकेकट्याने हेलपाटे मारण्यापेक्षा पंधरा घरांचं एकत्र दिलं तर काम पुढे सरकतं हा आमचा अनुभव. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा बघा, आणि स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका देतायत, त्या मोजणीच्या वेळी घरातला कुणीतरी हजर राहील असं बघा, बंद घराच्या हद्दी तेव्हाच गोंधळतात.

घर कुणाला तरी राहायला दिलं की वाचतं. लाइपझिगमध्ये २००४ ला एका संस्थेने राखणदार-घरं सुरू केली, मालकाने रिकामी इमारत साधारण पाच वर्षं वापरायला द्यायची, वापरणाऱ्याने भाडं द्यायचं नाही, फक्त चालू खर्च आणि किरकोळ डागडुजी करायची, त्या बदल्यात घराला माणसाची ऊब आणि मालकाची काळजी कमी. आपल्याकडे असं कुणी करत नाही कारण कुळकायद्याची भीती मनात बसलीय, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी झाल्या ते घराघरांत सांगितलं जातं (आणि ज्यांच्या नावावर झाल्या त्यांच्यासाठी ते न्यायाचंच होतं, आमचंही घराणं त्यातलं). पण तो कायदा शेतजमिनीचा. राहतं घर लिव्ह अँड लायसन्सने, रजिस्टर करून, ठरलेल्या मुदतीने द्या, शेतजमीन त्यात घालू नका, आणि कागद वकिलाला दाखवूनच. शाळेचे मास्तर, नर्सताई, काजू-आंब्याच्या कामाला आलेली कुटुंबं यांना गावात घर मिळत नाही आणि शेजारी तीस घरं कुलपात, हे मला अजून पटत नाही. जे घर वाचणारच नाही ते नीट उतरवून घ्या, कौलं, वासे, चिरे मोजून ठेवा, दुसऱ्या घराला वापरा. आमच्या मंडळाने सभामंडपाचा निधी कौलांच्या निधीत वळवला, हा निर्णय भांडून घेतला पण घेतला.

पडीक जमिनीचं थोडक्यात. शेतं तुकड्या-तुकड्यात पडीक राहिली की जंगल घरापर्यंत येतं, माकडं आणि रानडुक्कर उरलेलं शेत पण ठेवत नाहीत, मग उरलेले पण सोडतात. म्हणून जे कसतायत त्यांची शेतं शक्य तेवढी एका पट्ट्यात आणा, अदलाबदलीने, म्हणजे राखण आणि कुंपण परवडतं. बाकीच्याला रोजगार हमीतून फळबाग घ्या, काजू घ्या, काहीला सरळ रान म्हणून सोडा, पण घरांभोवती गवत कापून ठेवा, उन्हाळ्यात वणवा तिथूनच शिरतो. जर्मनीत डेसाउने इमारती पाडून मोकळी झालेली जमीन ४००-४०० चौरस मीटरच्या तुकड्यांत लोकांना सांभाळायला दिली, कुणी बाग केली कुणी मधमाश्या पाळल्या, आणि मधला मोठा पट्टा कुरण म्हणून सोडला. सगळीकडे काहीतरी बांधलंच पाहिजे असं नसतं.

शाळेचा पट २० च्या खाली गेला की समूह शाळेचा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक करायचा, विषय निघतो. तेव्हा विरोध किंवा होकार द्यायच्या आधी एकच गोष्ट मोजा, सर्वात लांबच्या घरातल्या पोराला जुलैच्या पावसात, पऱ्याला (ओढ्याला) पाणी असताना, तिथे पोचायला किती वेळ लागतो. गाडीची लेखी हमी नसेल तर होकार नको. एसटीचंही तसंच, फेरी बंद होऊ नये म्हणून तालुक्याच्या बाजाराच्या दिवसाची एक फेरी धरून ठेवा, रोज तीन मागून एकही न मिळण्यापेक्षा.

हे सगळं कागदावर आणायचं कुठे, तर आमचा गाव आमचा विकास मधला ग्रामपंचायत विकास आराखडा. २ ऑक्टोबरच्या आसपासच्या ग्रामसभेत त्याची चर्चा असते, तिथे नकाशा आणि वही घेऊन जा. एक लक्षात ठेवा, ग्रामसभेत मत गावच्या मतदार यादीतल्या माणसाचं, आपली नावं ठाण्यात असतील तर आपण बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त, ठराव गावातल्याने मांडायचा. वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असायचा, त्यात आमची दोन टाक्यांची योजना नीट बसली. ठरावात बारमाही माणसं किती, सणाची किती, आणि दहा वर्षांनी अंदाजे किती, हे तिन्ही आकडे लिहून घ्या, म्हणजे पुढच्या सरपंचाला मोठ्या टाकीचा मोह झाला तर वाचायला काहीतरी असेल.

वही आमची अंगणवाडीत ठेवलेली असते, एक फोटोकॉपी ठाण्यात माझ्याकडे. या जुलैला परत मोजणार आहोत, वरच्या वाडीतल्या काकींपासून सुरुवात करून. तुमच्या मंडळाने पण करायचं असेल तर सुट्टी आत्ताच टाका, चार दिवस पुरतात, दिव्याहून सावंतवाडी गाडी आहे, फक्त कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं ते बघून निघा, आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या, आमची पहिली पानं भिजून गेली होती.